काळ्या तुकड्याच्या पोटात

'दोन नॅनोमीटरची चिप आली' अशा बातम्या सध्या येतात. गंमत म्हणजे 'दोन नॅनोमीटर' हे त्या चिपमधल्या कुठल्याही ठरावीक भागाचं माप नसतं. ते तंत्रज्ञानाच्या पिढीचं नाव आहे. आणि बातमीसोबत छापलेला काळा चौकोन तर बहुतेक वेळा चिपही नसते, ते असतं तिचं पॅकेज, म्हणजे बाहेरचं आवरण. खरी चिप म्हणजे आतला सिलिकॉनचा तुकडा. 741 या सिग्नल वाढवणाऱ्या, आठ धातूच्या पायांच्या साध्या आयसीत (इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे पॅकेजसकट चिप) तो जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो.

आयसीचे प्रकार थोडक्यात सांगतो. डिजिटल आयसी 0 आणि 1 वर चालतात, ॲनालॉग आयसी सलग बदलणारा व्होल्टेज हाताळतात, आणि मोबाइलमधल्या कित्येक आयसीत दोन्ही कामं एकत्र असतात.

खरी करामत चिप पायांना जोडण्यात आहे. जुन्या डिप (दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेल्या) पॅकेजमध्ये दोन पायांत 2.54 मिलिमीटरचं अंतर, तर चिपवरचे ॲल्युमिनियमचे पॅड, म्हणजे जोडणीचे ठिपके, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. मधला पूल बांधते सोन्याची तार, जाडी सुमारे 25 मायक्रॉन, केसापेक्षाही बारीक. सिरॅमिकच्या नळीतून डोकावणाऱ्या तिच्या टोकावर ठिणगी पाडली की सोनं वितळतं आणि पृष्ठताणामुळे आपोआप गोळी होते. ती गरम पॅडवर दाबून अल्ट्रासॉनिक कंपनं दिली की ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर फुटतो आणि दोन्ही धातू न वितळताच एकमेकांना धरतात. मग नळी कमान टाकत पायाकडे जाते, तार दाबते, तोडते. यंत्र हे सेकंदाला अनेकदा करतं! मात्र तापमान फार वाढलं तर सोनं आणि ॲल्युमिनियम असमान वेगाने एकमेकांत झिरपतात, सांध्यात जांभळट संयुग आणि सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, आणि तार सुटते. हल्ली तांब्याची तारही वापरतात. फ्लिप-चिपमध्ये तर तारच नसते. चिप पालथी घालून सोल्डरच्या गोळ्यांवर बसवतात.



पॅकेजचं काळं इपॉक्सी (घट्ट होणारं प्लास्टिक) ओल आणि धक्के अडवतं, शिवाय प्रकाशही. सिलिकॉनवर प्रकाश पडला की नको तिथे विद्युतप्रवाह निर्माण होतो. 2015 साली आलेला रास्पबेरी पाय 2 हा छोटा संगणक कॅमेऱ्याच्या झेनॉन फ्लॅशने बंद पडायचा, कारण त्यावरच्या एका चिपला हे काळं आवरण नव्हतं. उपाय निघाला तो तिच्यावर अपारदर्शक पुट्टी थापायचा.