ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे

पांढरकवडा, वणीकडच्या पंपांवर एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो : महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल ‘कडक’ असते आणि ते टाकले की शंभर सीसीची गाडीसुद्धा जास्त ओढते. हा समज चुकीचा आहे.

ऑक्टेन हा आकडा इंधनातील उष्णता सांगत नाही. दाबाखाली आपोआप पेट न घेता ते किती तग धरते, एवढेच सांगतो. आयसो-ऑक्टेन या सहजी न भडकणाऱ्या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेन या चटकन भडकणाऱ्या द्रवाला ० धरून ही पट्टी आखलेली आहे. इथेनॉलचेच पाहा : त्याचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागे उष्णता सुमारे एक तृतीयांशाने कमी.

मग हे इंधन लागते कोणाला? स्पोर्ट क्वाड बाइकच्या (चार चाकांच्या वेगवान बाइकच्या) काही इंजिनांत कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, ११ च्या पुढे असतो. तिथे कमी ऑक्टेनचे मिश्रण ठिणगीनंतर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात भडकते, डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट होतो आणि तो चालू राहिला तर पिस्टनचा माथा खड्डे पडून खराब होतो.

आपल्याकडे मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, खताची दोन पोती लादून टॉप गिअरमध्येच चढ चढवणाऱ्या जुन्या गाडीतून असाच आवाज येऊ शकतो. तेव्हा आधी गिअर उतरवावा, सिलिंडरमधील कार्बन साफ करून घ्यावा (त्याच्या थरानेही कॉम्प्रेशन वाढते) आणि पुस्तिकेत लिहिलेल्या ऑक्टेनचेच पेट्रोल भरावे.