रातराणीच्या वासाला साप येत नाही

"रातराणी दारात नको गो, वासाला जनावर येतं," हे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी ऐकू येतं. पण साप फुलं हुंगायला येत नाही. दुभंगलेली जीभ लवलव करत तो हवेतले कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो, आणि माग काढतो तो उंदीर-बेडकांचा. वासाला येतात ते रात्रीचे पतंग. त्यांच्यामागे पाली, बेडूक, आणि मग क्वचित साप. त्यापेक्षा न्हाणीमागची ओल, चिऱ्यांच्या गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) फटी आणि साठलेला पातेरा (वाळका पाला) त्याला जास्त सोयीचा. (गडग्याला मात्र कोणी नावं ठेवत नाही!) रातराणी भराभर फोफावते, बहर ओसरला की छाटा, बुंधा हातभर मोकळा ठेवा. तिची पांढरी फळं मात्र खरंच विषारी, पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.