नवीन बांधलेलं इंजिन परत का जातं?

सुबारू या जपानी कंपनीची डब्ल्यूआरएक्स एसटीआय ही गाडी अमेरिकेत 2004 ते 2021 या काळात ईजे257 या 2.5 लिटर टर्बो इंजिनावर विकली गेली, आणि त्या इंजिनाची एक तक्रार तिकडच्या मेकॅनिक लोकांना पाठ आहे. रॉड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टला, जिथे जोडलेला असतो तिथलं बेअरिंग) जातं, इंजिन टकटक करायला लागतं, मालक भरपूर पैसे घालून ते नव्याने बांधून घेतो, फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, मजबूत रॉड, कोरे बेअरिंग शेल, सगळं एकदम भारी. आणि रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सांभाळून चालवायचा सुरुवातीचा काळ, संपतं न संपतं तोच तीच टकटक परत. मग संशय जातो बेअरिंगच्या क्वालिटीवर नाहीतर बांधणाऱ्याच्या हातावर. हात चुकतो कधीकधी, पण माझं मत असं की दुसऱ्यांदा गेलेल्या बेअरिंगचं कारण पुष्कळदा पहिल्या वेळच्या धातूच्या चुऱ्यातच असतं, जो कुठेतरी लपून राहिला आणि नव्या इंजिनात परत आला.

हे पटायला बेअरिंग चालतं कसं ते बघावं लागेल. क्रँकवरच्या या बेअरिंगमध्ये छर्रे नसतात, दोन अर्धगोल पातळ शेल असतात आणि त्यांच्यात क्रँकचा जर्नल, म्हणजे गुळगुळीत गोल भाग, फिरतो, मध्ये फक्त ऑइल. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, त्याने तेल सोडायला बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं तर तिथून तेल उलट बाहेर यायला लागलं, लाकडी खुंटी ठोकली तर तीही बाहेर ढकलली गेली. गेज लावल्यावर कळलं की आतलं प्रेशर 200 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर जातंय, आणि बेअरिंगवर सरासरी भार होता जेमतेम 100 पीएसआयचा. तेलाला तिथे कुठलाच पंप ढकलत नव्हता! फिरणारा शाफ्टच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेत होता आणि ते प्रेशर त्यातूनच तयार होत होतं. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. पावसात एक्सप्रेसवेवर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं ना, भौतिकशास्त्र तेच, फक्त तिथे ते जिवावर बेततं आणि इंजिनात त्याच्यावरच सगळं चालतं.

म्हणजे ऑइल पंपाचं काम तेल पोचवायचं, भार तोलायचं काम फिरण्यातून होतं. आता भार किती ते बघा. ईजे257 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरून खालीपर्यंतचा प्रवास, 79 मिमी, 6500 आरपीएमला पिस्टन टॉपला थांबून परत फिरतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 2400 पट येतं, पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरलं तरी सव्वा टनाच्या आसपास ओढ, सेकंदाला शंभरपेक्षा जास्त वेळा. रॉड जर्नल 52 मिमीचा, त्याचा पृष्ठभाग शेलच्या आत ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने सरकतोय. आणि या दोघांच्या मध्ये, भार सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी, ऑइलचा थर उरतो एखाद-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

इतक्या पातळ थरात 30 मायक्रॉनचा स्टीलचा कण आला तर तो तरंगून जाऊच शकत नाही. शेलचा वरचा थर मुद्दाम मऊ ठेवतात, की बारीक कचरा त्यात रुतून बसावा आणि जर्नलला ओरखडा पडू नये. पण बऱ्याच रेसिंग शेलमध्ये हा थर 10-20 मायक्रॉनचाच असतो, कण त्याहून मोठा असला की अर्धा रुततो, अर्धा वर राहतो, आणि त्याच्याभोवतीचा धातू कडेने उचलला जातो. काढलेला शेल उजेडात तिरका धरला तर खड्डा आणि त्याभोवती चमकणारी कडा स्पष्ट दिसते. ती कडा जर्नलला घासते, गरम होते, तिथलं ऑइल पातळ होतं, थर अजून तुटतो. मग शेल जागेवरून फिरतो आणि रॉड हातचा गेला.

हा चुरा येतो कुठून? जुनं बेअरिंग गेलं तेव्हा त्याची पावडर ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेली असते, क्रँकच्या आतल्या तिरक्या भोकांत, टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑइल कूलरमध्ये. कूलरच्या आत इतके अरुंद, वळणावळणाचे रस्ते असतात की कितीही सॉल्व्हंट मारा, आत काय राहिलं ते दिसतच नाही. पुढे इंजिन तापलं, कंपनं सुरू झाली की ते हळूहळू सुटतं. फिल्टर आहे की, असं वाटेल, पण थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडून ऑइल न गाळताच पुढे जाऊ शकतं. म्हणून बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर धुवायचा नाही, बदलायचा, यावर मी ठाम आहे. त्याचे पैसे वाचवून पिस्टनवर घालणं मला अजिबात पटत नाही. क्रँक ग्राइंड केला असेल तर गॅलरीचे (आतल्या ऑइलच्या भोकांचे) प्लग काढून बारीक ब्रशने आत घासायचं, नुसती हवा मारून ग्राइंडिंगची रेती निघत नाही.

बाकीची कारणंही आहेतच. या इंजिनात ऑइल पिकअप ट्यूबच्या, म्हणजे तळातून पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या, ब्रेझिंगच्या जोडाला चीर जायची, मग पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि हवेचा थर काही भार तोलत नाही. क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेलमधली फट, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजायला हवा, ढोबळ हिशोबाने 52 मिमी जर्नलला 0.05 मिमीच्या आसपास. रॉडचे बोल्ट बदलले तर घट्ट केल्यावर बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या भोकाचा, गोलपणा बदलू शकतो, तो परत मोजायचा, लागलं तर होन करायचा (बारीक घासून नीट गोल करायचा). आणि पहिल्या स्टार्टच्या आधी इंधन आणि स्पार्क बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारायचा, कारण क्रँक वेग घेईपर्यंत टॉवरचा तो थर तयारच होत नाही, तेवढा वेळ फक्त असेंब्ली ल्यूबचा, म्हणजे बांधताना लावलेल्या वंगणाचा, आधार.

पहिलं ऑइल लवकर बदला आणि काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद पसरून बघा. लोहचुंबकाला चिकटतं ते स्टील, न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चकचकीत पावडर बहुतेक बेअरिंगची. सुरुवातीला अगदी थोडी चमक चालते, दुसऱ्या ऑइलला ती वाढलेली दिसली तर गाडी तिथेच थांबवा. आणि इंजिन परत उघडावंच लागलं तर जुने शेल भंगारात टाकू नका, कुठल्या रॉडचा, वरचा की खालचा, लिहून ठेवा, मागची बाजूही बघा. सगळ्या शेलवर सारखे ओरखडे असतील तर चुरा ऑइलमधून आलाय, एकाच शेलच्या मागे डाग असेल तर बसवताना त्याच्यामागे काहीतरी राहिलं होतं.