परदेशातील सार्वजनिक जलतरण तलाव : पोशाख आणि स्वच्छतेचे नियम

नगरपालिका किंवा खासगी संस्था चालवत असलेल्या तलावांत उतरताना काय घालावे, त्याआधी अंग कसे धुवावे आणि कोणत्या अवस्थेत पाण्यात जाऊ नये, यांविषयीचे नियम. काही देशांत ते कायद्याने ठरलेले आहेत, काही ठिकाणी तलावाच्या नियमावलीने, तर काही ठिकाणी निव्वळ प्रघाताने. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुले शिक्षण-नोकरीसाठी जर्मनी, जपान, अमेरिकेत असतात आणि त्यांचे आई-वडील सुट्टीत तिकडे जातात. तलावाच्या दारावर अडवले जाण्याचा प्रसंग बहुधा या वडीलधाऱ्यांवर येतो, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

नियमांमागचे पाणी. खानदेशात जुन्या पिढीचे पोहणे बहुतांशी विहिरीत झाले. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, काठावरून काकाने ढकलून द्यायचे आणि हातपाय मारायला लागायचे, ही इथली शिकवणी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा मळ्यातल्या विहिरींवर दुपारभर पोरांचा गलका असतो. पुरुष चड्डीवर उतरतात; बायका नदीत नेसत्या लुगड्यानिशी. प्रकाशे किंवा चांगदेवला तापीत स्नान करणारेही अंगावरच्या वस्त्रांसह बुडी मारतात. या पाण्याला झरा असतो किंवा प्रवाह असतो. जुने जाते, नवे येते.

बंदिस्त तलावाचे तसे नसते. तेच पाणी पंपाने ओढायचे, गाळणीतून काढायचे, त्यात क्लोरीन मिसळायचे आणि पुन्हा तलावात सोडायचे, असे चक्र दिवसरात्र चालते. शंभर जणांच्या अंगावरचा घाम, तेल, पावडर, केस आणि धूळ त्या चक्रात शिरते. एवढे एक लक्षात घेतले की परक्या वाटणाऱ्या बहुतेक अटींचा उलगडा होतो.

आपल्या गावी ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते आणि ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासणाऱ्या चाचणीत, पाणी पिवळे झाले की क्लोरीन पुरेसे आहे असे मानते. तलावातही तत्त्व तेच. मात्र क्लोरीन किती ठेवायचे, याबाबत देशांची धोरणे वेगळी आहेत. अमेरिकेत लिटरला किमान १ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवण्याची शिफारस आहे, तर जर्मन मानकानुसार ते सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम एवढेच असते. औषध कमी वापरायचे असेल तर माणसाने स्वच्छ होऊनच यायला हवे. जर्मनी आणि आइसलँडमध्ये अंघोळीबाबत एवढी कडक शिस्त का, याचे एक मोठे कारण हेच.

तलावावर येणाऱ्या उग्र वासाला लोक क्लोरीनचा, म्हणजे स्वच्छतेचा वास समजतात. प्रत्यक्षात घाम आणि लघवीतील युरिया, अमोनिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. डोळे चुरचुरणे, खोकला येणे आणि तो दर्प यांचे मूळ त्यांत असते. संयोगात अडकलेले क्लोरीन जंतू मारायला पुरेसे कामाचे राहत नाही. म्हणून पाण्यात लघवी करणे ही खाजगी बाब ठरत नाही. लहान मुलांना आधी शौचालयात नेणे हे पालकांचे काम आहे. लघवी केली की पाणी रंगीत होते, असे मुलांना भीती घालायला सांगतात. तसे रसायन तलावांत वापरले जात नाही.

कापड. सुती कापडाला जवळजवळ सगळीकडे मनाई असते. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात, रंग उतरतो, आणि भिजलेले सूत जड होऊन पोहणाऱ्याला खाली ओढते. त्यामुळे बनियन, लेंगा, पंजाबी ड्रेस, साडी यांपैकी काहीही चालत नाही. कॉस्च्युम नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि लायक्राचे हवे. त्याच्या आत रोजची अंतर्वस्त्रे घालणेही बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध आहे.

फ्रान्समध्ये पुरुषांची अडचण याहून मोठी. गुडघ्यापर्यंतची सैल स्विमिंग शॉर्ट, जी भारतात सभ्य मानली जाते, ती तिथल्या नगरपालिकांच्या तलावांत सहसा चालत नाही. अंगाला घट्ट बसणारी आखूड चड्डीच लागते. सैल शॉर्ट घालून माणूस दिवसभर रस्त्यावर, बागेत, बसमध्ये फिरतो आणि ती धूळ पाण्यात आणतो, असा त्यामागचा विचार. लाज कशाने राखली जाते याची दोन्हीकडची समजूत इतकी उलटी आहे की, आपल्याकडचा साठीचा गृहस्थ त्या चड्डीत अवघडतोच. त्या अवघडण्यात गैर काही नाही. फक्त तिथे त्याच्याकडे कोणी पाहत नसते, हे सांगायला हवे.

टोपीही फ्रान्स आणि इटलीतील बहुतेक तलावांत सक्तीची आहे. जपान आणि दक्षिण कोरियातही तेच. डोक्यावर केस नसलेल्यालाही ती घालावी लागते. ब्रिटन आणि जर्मनीत टोपीचा आग्रह सहसा नसतो. बुडापेस्टच्या १९१३ साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहात गरम पाण्याच्या कुंडांत टोपी लागत नाही, पण पोहण्याच्या तलावात लागते.

अंग झाकणाऱ्या पोशाखाचा प्रश्न युरोपात न्यायालयांपर्यंत गेला आहे. फ्रान्समधील ग्रनोबल शहराने मे २०२२ मध्ये बुर्किनीला, म्हणजे चेहरा, तळहात आणि पावले सोडून सारे अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाला, वाट करून देणारा नियम केला. २१ जून २०२२ रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रोखून धरला. जर्मनीतील कोब्लेन्झ येथे मात्र २०१९ मध्ये उलटे घडले : नगरपालिकेची बुर्किनीबंदी न्यायालयाने स्थगित केली, कारण त्याच तलावात अंगभर निओप्रीन सूटला (जाड रबरी पोशाखाला) परवानगी होती. पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा लायक्राचा कॉस्च्युम घालू इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रियांनाही हे निर्णय लागू पडतात, म्हणून ते इथे नोंदवले. ब्रिटनमध्ये असा कॉस्च्युम सर्रास चालतो. इतरत्र तलावाच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावे.

अंघोळ. भारतीयाला सर्वांत जड जाणारा नियम आइसलँडचा. तिथे तलावात उतरण्यापूर्वी कॉस्च्युम न घालता, साबण लावून अंघोळ करणे बंधनकारक आहे. डोके, काखा, जांघा आणि पाय ठळक रंगात दाखवणारे फलक न्हाणीघरात लावलेले असतात आणि देखरेखीला माणूस असतो. कोरडाच पुढे निघालेला पाहुणा परत पाठवला जातो. न्हाणीघरे स्त्री-पुरुषांची वेगळी, पण आत आडोसा सहसा नसतो. विवस्त्र स्नान करू नये हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवलेले असते. त्या संस्काराला न दुखावता वाट काढता येते : बऱ्याच तलावांत पडद्याची एखादी मोरी असते, ती मागून घ्यावी. कॉस्च्युमवरूनच पाणी ओतून घेणे मात्र तिथे अंघोळ समजली जात नाही आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते खरेही आहे.

चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडते. आइसलँडचे तलावही जमिनीतल्या उष्णतेवर तापतात. फरक एवढाच की उनपदेवचे पाणी वाहून जाते आणि तिथले साठवून राखले जाते.

डोक्याचे तेल हा खास आपला मुद्दा. पोहायला जाण्याआधी खोबरेल चोपडणे आपल्याकडे चांगले मानतात, पण तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो, गाळणीला चिकटतो आणि क्लोरीन खर्ची घालतो. शाम्पूने तेल काढूनच उतरावे. एक मिनिटाचा शॉवरही अंगावरचा बराचसा मळ काढतो, असे अमेरिकेची आरोग्ययंत्रणा सांगते.

फिनलंडच्या सौनांत, म्हणजे घाम काढण्यासाठी बसायच्या तापवलेल्या खोल्यांत, कॉस्च्युम घालून बसणे नियमाविरुद्ध असते. हेलसिंकीच्या १९२८ सालच्या युर्योनकातू तलावात तर पोहणेही विवस्त्र होते, स्त्री-पुरुषांचे दिवस वेगळे ठेवून. २००१ पासून तिथे कॉस्च्युमची मुभा मिळाली.

जपानी ओन्सेन हा तलाव नव्हे, गरम झऱ्याचे स्नानगृह. आत वस्त्र चालत नाही, बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग धुवायचे, लांब केस वर बांधायचे आणि हातातला छोटा टॉवेल पाण्याला लावायचा नाही. गोंदवलेल्या माणसाला बऱ्याच ओन्सेनमध्ये प्रवेश नाकारतात, कारण तिथे गोंदण गुन्हेगारी टोळ्यांशी जोडले गेले. २०१३ मध्ये होक्काइदो बेटावर चेहऱ्यावर पारंपरिक माओरी गोंदण असलेल्या स्त्रीला परत पाठवले गेले. कपाळावर आणि हातांवर हिरवे गोंदण असलेल्या आपल्या आजीबाईंनाही ही अडचण येऊ शकते. लहान गोंदण झाकायला चिकटपट्टी काही ठिकाणी चालते, किंवा खासगी कुंड भाड्याने घेता येते. जपानच्या साध्या तलावांतही कानातले, साखळी, अंगठी काढायला सांगतात, म्हणजे मंगळसूत्र आणि करदोडाही आले.

आजारपण. जुलाब होत असतील तर पाण्यात उतरू नये, हा नियम जवळपास सर्वत्र आहे आणि या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा आहे. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये ई. कोलाय जंतू मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस-अ चा विषाणू सुमारे १६ मिनिटांत, जिआर्डिया हा परजीवी सुमारे ४५ मिनिटांत. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दहा दिवसांहून अधिक तग धरतो. त्याची लागण झालेल्याने जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलावापासून दूर राहावे असा सल्ला आहे. बाळांना पोहण्याचे खास डायपर लागते, पण तेही हा परजीवी अडवू शकत नाही. पायांना चिखल्या किंवा चामखीळ असलेल्यांनीही काळजी घ्यावी. फ्रान्समध्ये तलावाच्या वाटेवरच पाय बुडवून जाण्याची उथळ कुंडी असते.

जाताना पिशवीत कॉस्च्युम, टोपी, साबण, टॉवेल आणि फक्त तलावाच्या काठी वापरायच्या रबरी चपला असाव्यात. बाहेरच्या चपला कपडे बदलण्याच्या खोलीपलीकडे नेता येत नाहीत. जर्मनीत लॉकरमध्ये एक किंवा दोन युरोचे नाणे टाकावे लागते, ते नंतर परत मिळते. फ्रान्समधल्या पुष्कळ तलावांवर टोपी आणि चड्डी विकणारे यंत्र दारातच असते.