ई-बुक रीडर आणि टॅबलेटची निवड (बेळगाव सीमाभाग)

ई-बुक रीडर हे फक्त वाचनासाठी बनवलेले, कागदासारखा पडदा असलेले यंत्र. टॅबलेट म्हणजे मोबाइलची सगळी कामे करणारे मोठ्या पडद्याचे यंत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तसेच कारवार, हल्याळ, भालकी, औराद या कर्नाटकातील सीमाभागात राहणारा मराठी वाचक या दोहोंतले परवडणारे एक निवडू लागतो, तेव्हा त्याचा हिशोब पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा वेगळा पडतो. त्याच्या घरात मराठी आणि कन्नड अशा दोन लिपी नांदतात. मुलांची पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारची, तर कथा-कादंबऱ्या पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्या असतात. त्यामुळे किंमत पाहण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: जी पुस्तके वाचायची आहेत, ती मिळतात कोणत्या स्वरूपात? हे ठरले की यंत्र जवळजवळ आपोआप ठरते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पण इथल्या मराठी वाचनाची परंपरा त्याहून बरीच जुनी आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते आणि पुस्तकांच्या स्टॉलभोवती गर्दी होते. एरवी मात्र हवे ते पुस्तक गावात मिळेलच असे नाही. मागवावे लागते, वाट पाहावी लागते. डिजिटल वाचनाचे मोल इथे जास्त आहे ते यामुळे.

रीडरच्या पडद्यामागचे तंत्र ई-इंक कंपनीचे. ही कंपनी १९९७ साली अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून उभी राहिली. पडद्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात आणि त्यांतील द्रवात विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण तरंगतात. विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दाब काढल्यावरही तिथेच राहतात. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना आणि पडद्याचा दिवा लावल्यावर. त्यामुळे एका चार्जिंगवर रीडर आठवडेच्या आठवडे चालतो. याच पडद्याचा सोनी लिब्री हा पहिला रीडर २००४ मध्ये जपानात आला, तर ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला हा गुण फार उपयोगी पडतो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात आणि जांबोटीच्या रानात पावसाळ्यात करंट गेला की कधी येईल ते सांगता येत नाही. छापील पुस्तकांना त्या दमट हवेत बुरशी धरते, पाने एकमेकांना चिकटतात. पुस्तके एकदा उतरवून घेतली की रीडरला ना रोजची वीज लागते, ना रेंज. टॅबलेट मात्र सतत वाचत राहिल्यास आठ-दहा तासांत चार्जिंग मागतो.

एवढ्यावरून कोणी सरसकट रीडर घ्यायला सांगेल, पण खरी अडचण पुढे आहे. मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणाऱ्या पुस्तकांचा मोठा साठा पीडीएफ स्वरूपात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके, ई साहित्य प्रतिष्ठानची ई-पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके, कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची मराठी माध्यमाची पुस्तके आणि इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावरचे जुन्या ग्रंथांचे स्कॅन हे सारे मुख्यतः पीडीएफमध्ये मिळते. पीडीएफचे पान छापील पानासारखे गोठलेले असते. अक्षर मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि रीडरच्या संथ पडद्यावर पान डावी-उजवीकडे सरकवत वाचणे जिवावर येते.

हिशोब मांडून पाहावा. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, म्हणून ६ इंची रीडरच्या पडद्याची रुंदी ३.६ इंच. कादंबरीचे नेहमीचे डेमी पान साडेपाच इंच रुंद. ते पडद्यात बसवले की १२ पॉइंटचे (पॉइंट हे छपाईतले अक्षराच्या आकाराचे माप) अक्षर सुमारे ८ पॉइंटचे दिसते. पाठ्यपुस्तकाचे पान ए-४ च्या जवळपास, म्हणजे सव्वाआठ इंच रुंद. तिथे तेच अक्षर ५ पॉइंटवर येते. रोमन लिपी इतक्या लहान आकारात कशीबशी वाचता येईल, पण वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर असलेली देवनागरी नाही. ७ इंची रीडरवर डेमी पानाचे अक्षर ९ पॉइंटचे होते, म्हणजे कथा-कादंबरीचे काम भागते. ११ इंची टॅबलेट उभा धरला तर त्याची रुंदी ५.८ इंच भरते. डेमी पान त्यात पूर्ण आकारात मावते आणि ए-४ पानाचे अक्षरही साडेआठ पॉइंटचे राहते. म्हणून घरात शाळकरी मूल असेल, किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू असेल, तर ११ इंची टॅबलेटच घ्यावा. ८.७ इंची टॅबलेट स्वस्त आणि हलका असतो, पण पाठ्यपुस्तकासाठी अपुरा पडतो.

अक्षर हवे तेवढे मोठे करता येते ते ईपब किंवा किंडलच्या स्वरूपातील पुस्तकांत. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावरची पुस्तके ईपबमध्ये उतरवता येतात. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांची दालने उघडली, पण त्यांत कन्नड नव्हती. दोन्ही भाषांतून वाचणाऱ्या सीमाभागातल्या घराला ही उणीव लगेच जाणवते. अँड्रॉइड टॅबलेटवर मराठी आणि कन्नड दोन्ही सहज दिसतात, शिवाय किंडलचे ॲपही चालते. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेली ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, त्यामुळे ती साध्या किंडलवर वाचता येत नाहीत. पुस्तकांची खरेदी मुख्यतः तिथूनच होणार असेल तर रीडरचा विचार सोडून द्यावा.

पीडीएफमधली आणखी एक खोच दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. मराठी छपाई वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालली. असे पुस्तक दिसायला शुद्ध देवनागरी असते, पण आत साठवलेली अक्षरे भलतीच असतात. एखादा शब्द दाबून धरावा, कॉपी करावा आणि व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवावा. देवनागरीच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षर-पद्धतीत आहे, म्हणजे त्यात शोध घेता येईल आणि तो मोठ्याने वाचून घेता येईल. रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर ते पुस्तक ईपबमध्ये बदलण्याच्या फंदात पडू नये. काहीच निवडता आले नाही, तर पान निव्वळ चित्र आहे. रीडर घेतानाही वाङ्मय, ऱ्हास, उद्ध्वस्त, आर्द्र हे शब्द उघडून पाहावेत. जोडाक्षर फुटले किंवा ऱ्हासातला र नीट बसला नाही, तर त्या यंत्रावर मराठी वाचणे रोजची कटकट होईल.

किमतीचा अंदाज असा: एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या ७ इंची किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. नामांकित कंपन्यांचे साधे टॅबलेट तेरा हजारांच्या आसपास मिळू लागले आहेत. म्हणजे फक्त वाचनाचे यंत्र सगळी कामे करणाऱ्या यंत्राहून महाग पडते. रात्री दोन-दोन तास कादंबरी वाचणाऱ्याने हा जादा खर्च जरूर करावा, कारण डोळ्यांवर प्रकाश मारणारा पडदा आणि मध्येच टपकणारे मेसेज या दोन्हींपासून सुटका होते. इतरांनी करू नये.

त्याहून खाली उतरून तीन-चार हजारांचा नाव-गाव नसलेला टॅबलेट घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. याचा धडा देशाने आकाश टॅबलेटच्या रूपाने घेतला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आलेल्या आकाशची सरकारी खरेदी-किंमत २,२७६ रुपये होती, पण २५६ एमबी रॅम आणि जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यांमुळे तो वापरणे कष्टाचे होते. आज किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मेमरी कार्डाची सोय बघावी. अँड्रॉइडची आवृत्ती दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी.

खरेदी कुठून करावी, हाही प्रश्न आहे. टॅबलेट खडेबाजार किंवा कॉलेज रोडच्या दुकानात हाताळून घेता येतो, पक्के बिल मिळते आणि बिघाड झाला तर विचारायला माणूस असतो. दुकानदाराला सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळी-कोल्हापूरला जावे लागेल, हे आधीच विचारावे. किंडल बहुधा ऑनलाइनच मागवावे लागते. खेड्यातल्या वाचकाने आपल्या पिनकोडवर पोच आहे का, ते पाहावे, नसेल तर शहरातल्या पाहुण्याचा पत्ता द्यावा.

किंडलवर संगणकातून थेट ईपब टाकले तर ते उघडत नाही. ते सेंड टू किंडल सेवेने पाठवावे लागते किंवा कॅलिबर या फुकट प्रणालीने बदलून घ्यावे लागते. विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने चढवण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. त्यामुळे वायफाय नसलेल्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच काम भागवावे लागते, आणि जिथे रेंज येते तिथे जाऊन महिन्याभराची पुस्तके एकदम उतरवून घेणे सोयीचे पडते. जुने किंडल घेताना मालकाने ते आपल्या खात्यातून काढून टाकले आहे ना, याची पैसे देण्यापूर्वी समोरच खात्री करावी. तसे केले नसेल तर ते आपल्या खात्याला जोडता येत नाही.