फवारणी पंपाच्या सुट्या सामानाचा डबा

पाठीवरच्या फवारणी पंपाचे ऐन वावरात दगा देणारे भाग आणि ते बदलण्यापुरती हत्यारे ज्यात ठेवतात तो डबा. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारे चालतात. त्या दिवसांत हा डबा पाण्याच्या ड्रमाजवळ धुऱ्यावर असायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घरीच राहतो आणि गळक्या पंपावर चिंधी बांधून काम रेटले जाते.

सगळ्यात आधी रबर जाते. ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या द्रव औषधांतील द्रावकाने साधे रबर फुगते, पुढे उन्हात वाळून चिरते. ट्रिगरमधली ओ-रिंग गेली की मुठीजवळ थेंब जमतो, मनगटावरून ओघळतो आणि बाहीत शिरतो. झाकणाचे वॉशर गेले असेल तर वाकताक्षणी मानेवर आणि पाठीवर औषध सांडते. अंगावरचा ओला सदरा दिवसभर तसाच राहतो आणि विष कातडीतून आत जाते. म्हणून डब्यात आधी वॉशर आणि ओ-रिंगा, मग बाकीचे. दिसायला सगळी वॉशरे सारखीच, मापात मात्र फरक. जुने सोबत नेऊन कृषी केंद्रात जुळवून घेतलेले बरे.

त्यानंतर नोझल. विहिरीचे गढूळ पाणी किंवा नीट न कालवलेली भुकटी यांमुळे ते तुंबते. अशा वेळी ते तोंडाला लावून फुंकायची सवय सर्रास दिसते, आणि ती सर्वांत घातक आहे. टाचणी घातली तर छिद्र मोठे होते, थेंब जाड पडतात, औषध जास्त जाते. जुना मऊ टूथब्रश आणि एक जादा नोझल एवढ्याने काम भागते. कीटकनाशकाला पोकळ शंकूचे नोझल लागते, तणनाशकाला चपट्या फवाऱ्याचे. २,४-डी या तणनाशकाचा अंशही पऱ्हाटीची पाने वेडीवाकडी करतो. त्यामुळे तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवावा.

बाकी सामान पंपाप्रमाणे बदलते: हातपंपाला पिस्टनचे वॉशर, बॅटरी पंपाला फ्यूज, पेट्रोल पंपाला स्पार्क प्लग आणि त्याचा पाना. गाळणी, पाइपाच्या क्लिपा, टेफ्लॉन टेप, स्क्रूड्रायव्हर आणि पट्ट्याचे बक्कल सगळ्यांनाच लागतात.

मापाचा कप सुटा भाग नव्हे, तरी तो याच डब्यात हवा. शिफारशी बहुधा १० लिटर पाण्यासाठी दिलेल्या असतात आणि पाठीवरची टाकी अनेकदा १६ लिटरची असते. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतले की हिशेब चुकतो.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली औषधे आणि हातमोजे-मास्कचा अभाव यांची तेव्हा बरीच चर्चा झाली. वॉशर बदलून हे सगळे टळले असते असे नाही. पण गळका पंप पाठीवर घ्यायचा की नाही, एवढे तरी मजुराच्या हातात असते, आणि तेही डबा जवळ असला तरच. त्यामुळे डबा भरून देणे हे वावराच्या मालकाचे काम. रोजाने आलेल्या माणसाने स्वतःची वॉशरे आणावीत ही अपेक्षा गैर आहे.

हातमोज्यांची जादा जोडी आणि साबण डब्यातच ठेवतात. हंगाम संपल्यावर पंप साध्या पाण्याने धुऊन, वॉशरे काढून सावलीत वाळवतात. डबा स्वयंपाकघरात किंवा लेकरांच्या हाती लागेल असा ठेवत नाहीत.