लाल टोपी आली कुठून?

लांडगा आजीचे कपडे घालून पलंगावर पडलेला, आणि लाल टोपीवाली पोर विचारते, ‘आजी, तुझे दात एवढे मोठे कसे?’ नागपुरातल्या शाळकरी मुलांना पुढचं उत्तर पाठ असतं. त्याच मुलांनी घरी ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ही ऐकलेली असते. दोन्हीकडे जंगल, म्हातारी आणि भुकेलं जनावर. मग या गोष्टी एकाच कुळातल्या का?

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या मते माणसाच्या सामूहिक नेणिवेत, म्हणजे सगळ्या माणसांत समान असलेल्या अजाण मनात, काही आदिबंध म्हणजे उपजत मूळ प्रतिमा असतात, म्हणून जगभर त्याच प्रतिमा पुन्हापुन्हा उगवतात. कल्पना मोहात पाडणारी आहे, पण ती तपासायची कशी? जिथे साम्य दिसेल तिथे आदिबंध, असं म्हटलं की ती कधीच चुकत नाही. विज्ञानाला हे चालत नाही.

प्रतीकांचंही तेच. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी लाल टोपीत मुलीची पहिली पाळी पाहिली. इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी यावर बोट ठेवलं: शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या फ्रेंच गोष्टीत लाल टोपी नाहीच! ती फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७च्या पुस्तकात आहे. मुलीला आणि आजीला पोटातून जिवंत बाहेर काढणारा शिकारी त्याहून नवा, जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातला. पेरोंच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते.

तोंडी गोष्ट कशी होती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या खेड्यांत टिपलेल्या एका रूपात लांडगा मुलीला विचारतो, ‘कुठल्या वाटेनं जाणार, टाचण्यांच्या की सुयांच्या?’ घरी पोचल्यावर तो तिच्या नकळत तिला आजीचंच मांस खायला घालतो. ती पलंगावर येते, धोका ओळखते आणि म्हणते, ‘मला बाहेर जाऊन यायचंय.’ लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती दोरी आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळ काढते. शिकाऱ्याची गरजच पडत नाही. मला ही मुलगी फार आवडते. टाचण्या-सुयांचा अर्थ मानववंशशास्त्रज्ञ इव्हॉन वेर्दिए यांनी फ्रान्सच्या खेड्यांतच शोधला: तिथे वयात येणाऱ्या मुलींना हिवाळाभर शिवणकाम शिकायला पाठवत. प्रतीक जिथे रुजलं तिथलीच माती खणायची, ही रीत मला पटते.

लाल रंग मात्र पेरोंच्याही आधी सापडतो. आजच्या बेल्जियममधल्या लिएजच्या एगबर्ट यांच्या अकराव्या शतकातल्या लॅटिन पद्यात एका मुलीला लांडगा उचलून नेतो. तिच्या अंगावर बाप्तिस्म्याला मिळालेला लाल अंगरखा असतो, आणि लांडग्याची पिल्लं तिला इजा करत नाहीत. तिथे लाल रंग म्हणजे श्रद्धेचं कवच.

२०१३ साली इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ जेमी तेहरानी यांनी जीवशास्त्रातली पद्धत वापरली. प्राण्यांची वंशावळ शोधताना एकेक लक्षण जुळवून पाहतात, तसं त्यांनी ५८ गोष्टींची ७२ लक्षणं तपासली: बळी कोण, शत्रू कोणता, तो कसा फसवतो, सुटका होते का. युरोपातली टोपीवालीची गोष्ट आणि ‘लांडगा आणि करडं’ (यात लांडगा करडांच्या आईचं सोंग घेतो) या वेगळ्या शाखा निघाल्या. आफ्रिकेतल्या गोष्टी करडांच्या शाखेजवळ आल्या. चीन, जपान, कोरियातल्या गोष्टींत, जिथे आजीचं सोंग बहुधा वाघ घेतो, दोन्ही शाखांची सरमिसळ दिसली.

आणि आपला भोपळा? लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ‘लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा’ हा प्रकार टोपीवालीपासून वेगळा नोंदलेला आहे. इथे सोंग घेऊन फसवणारं जनावर नाही, फसवते ती म्हातारी. जंगल आणि म्हातारी सारखी असली तरी गोष्टीची चाल उलटी आहे. जंगलात वाघ असलेल्या मुलखात वाघाची गोष्ट रुजायला सामूहिक नेणिवेची गरज नाही. पेंच आणि ताडोबा पुरेसे आहेत.

या भोपळ्याची वंशावळ मांडायची तर नागपूर नामी जागा आहे. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी आणि छिंदवाड्याकडची हिंदी इथे एकमेकींत मिसळतात. गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करताना भेटणाऱ्या जनावरांचा क्रम, म्हातारीचं उत्तर आणि शेवट जसाच्या तसा ठेवावा. सोबत सांगणाऱ्या आजीचं माहेर कुठलं आणि तिने गोष्ट कुणाकडून ऐकली, एवढं नक्की लिहावं. लेकी सासरी जातात तेव्हा गोष्टीही त्यांच्याबरोबर गाव बदलतात.